तू कशाला मध्ये पडलास?

पालकहो, 'माझा आवडता नायक' हा निबंध आठवी-नववीच्या मुलांना चुकत नाही आणि त्या वह्या तपासणं मला चुकत नाही. वहीत शिवाजी महाराज असतात, सावित्रीबाई असतात, बाबासाहेब असतात, कलाम असतात. वाक्यं बहुतेक एकाच निबंधमालेतली. मधल्या सुट्टीत याच मुलांचे नायक निराळे. कुणी हनुवटीखालून हात फिरवत चालतो, कुणी मोबाइलवर गेम खेळून दाखवणाऱ्याच्या थाटात बोलतो, कुणाला रील करणारा गल्लीतलाच दादा थोर वाटतो. पालकसभेत तुमची तक्रार याचीच. "मॅडम, यांचे हिरो बघा हो जरा. आमच्या वेळी असं नव्हतं." आमच्या वेळी काय होतं ते आपल्याला पुरतं ठाऊक आहे. कानावर केस आणि बेलबॉटम घालून अमिताभसारखी उभी राहणारी पिढी आज आजोबा झाली आहे आणि नातवंडांना साधेपणाचे धडे देते आहे.

म्हणून त्या तक्रारीचं मी फार मनावर घेत नाही. असले नायक दोन-चार वर्षांत आपोआप उतरतात. मला धास्ती वाटते ती आपल्या घरात रोज बोलल्या जाणाऱ्या एका वाक्याची.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते. त्या सकाळी आपल्या शहरात सिडकोपासून गुलमंडीपर्यंत शाळाशाळांत छोट्या सावित्रीबाई उतरतात. नऊवारीला जागोजागी पिना, कपाळावर मोठं कुंकू, हातात पाटी. सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनी शेण-चिखल फेकला, तरी त्या शिकवायला जात राहिल्या, हे पाठ केलेलं भाषण मुलगी न अडखळता म्हणते. आई मोबाइलवर चित्रीकरण करते, डोळेही पुसते. आणि त्याच आठवड्यात ही मुलगी घरी सांगते, की वर्गात नव्याने आलेल्या एका मुलीच्या बोलीला सगळ्या हसत होत्या, मी तिच्या शेजारी जाऊन बसले, तर आता माझ्याशीही कुणी बोलत नाही. यावर घरातून काय उत्तर मिळतं? "तू कशाला मध्ये पडलीस? आपण आपलं बघावं." मुलगा असला तर, "तुला काय गरज होती? जास्त शहाणा झालास का?"

हे वाक्य बोलणारे आईवडील वाईट नसतात. वाळूजच्या कंपनीतून दमून आलेल्या बापाला उद्या शाळेत हेलपाटा नको असतो, आणि मुलाला कुणी मारू नये ही काळजी तर खरीच आहे. पण मुलाच्या बाजूने बघा. भाषणातली सावित्रीबाई मध्ये पडली म्हणून बक्षीस मिळालं. मी मध्ये पडले म्हणून ओरडा मिळाला. मुलं हुशार असतात. मोठेपणा स्टेजवर बोलायचा असतो, घरी करायचा नसतो, हे त्यांना लगेच कळतं.

याच्या नेमकं उलट वागलेली एक आई आपल्या घराघरांत आहे, कपाटात. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. हे पुस्तक आपण 'संस्कारांचं' म्हणून मुलांच्या हाती देतो आणि मुलं 'रडकं' म्हणून बाजूला ठेवतात. खरं तर श्याम हा नायक म्हणून फारच अडचणीचा मुलगा आहे. तो भित्रा आहे. पोहायला जायचं म्हटलं की लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने मारत बाहेर काढते. तो चोरी करतो, तीही पुस्तक घेऊन मोठं होण्यासाठी. हे सगळं तो स्वतःच सांगतो. आमच्या निबंधाच्या वह्यांतला एकही नायक कधी चोरी करत नाही, म्हणून तर त्या वह्या इतक्या निर्जीव.

त्या पुस्तकातला एक प्रसंग मी वर्गात सावकाश वाचून घेते. एक म्हातारी महार बाई रस्त्यात अडलेली असते. तिची लाकडाची मोळी खाली पडली आहे, ती तिला एकटीने उचलवत नाही, आणि शिवाशिवीमुळे कुणी हात लावत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. आजच्या मुलांना ती आंघोळ खटकते आणि ती खटकायलाच हवी. पण थोडं थांबून बघितलं की त्या बाईचं शहाणपण दिसतं. तिने लहान मुलाला गावाशी भांडायला पाठवलं नाही. त्याच्या दोन हातांना जमेल एवढं काम त्याला दिलं, लोक बोलतील ते सोसायला लावलं आणि घरी परतायची वाटही मोकळी ठेवली. ती म्हणाली, जा, मध्ये पड.

तो मुलगा, म्हणजे साने गुरुजीच, पुढे मोठा झाला. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं. दहा दिवस. त्याआधी गावोगाव हिंडून त्यांनी लोकांची मनं वळवली होती; टीका झाली, विरोध झाला, शेवटी मंदिर उघडलं. कोकणातली ती मोळी आणि पंढरपूरचं ते दार यांच्यामध्ये किती वर्षं गेली! पुस्तक आपण आईच्या मायेसाठी वाचतो, पण मला ते एका भित्र्या मुलाच्या धीराचं पुस्तक वाटतं. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई' चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, हे सामान्यज्ञानाच्या परीक्षेत विचारतात. मोळीबद्दल कुणी विचारत नाही.

आता थोडं कर्णाबद्दल, कारण नववीतल्या मुलांचा तो लाडका. मराठी घरांत कर्ण एवढा मोठा झाला त्यात शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'चा वाटा फार मोठा. ही कादंबरी १९६७ ची. गंमत अशी की त्याच वर्षी इरावती कर्वे यांचं 'युगान्त' आलं. एकाच महाभारतावरची ही दोन पुस्तकं. एकात कर्ण डोळे दिपवणारा. दुसऱ्यात तो आपली जागा न सापडलेला, त्यापायी चुकत गेलेला माणूस. सावंत आपल्याला त्याच्या आत नेऊन बसवतात, इरावतीबाई थोड्या अंतरावर उभ्या राहून बघतात. मुलांनी दोन्ही वाचावीत, पण क्रमाने. आधी भारावून जाऊ द्या, प्रश्न मागाहून येऊ द्यात. बाराव्या-तेराव्या वर्षी ज्याला कुणाचंच वेड लागलं नाही, तो विसाव्या वर्षी फार तर चांगला समीक्षक होईल.

वेड लागलेल्या मुलाला मात्र एक प्रश्न विचारायची सवय लावता येते आणि नायक कोण हे ठरवायला मला तरी याहून चांगला प्रश्न सापडलेला नाही: किंमत कुणी मोजली? दुर्योधनाच्या मैत्रीपायी कर्णाने स्वतःचा जीव दिला. किंमत त्याने मोजली, आपली मान झुकते. पण द्यूतसभेत तो द्रौपदीबद्दल जे बोलला त्याची किंमत कुणी मोजली? द्रौपदीने. एकाच माणसाला हा प्रश्न दोन ठिकाणी विचारला की दोन उत्तरं येतात, आणि मुलांना ते पेलतं. आपल्यालाच वाटतं, पेलणार नाही. सिनेमातही विचारून बघा. नायक बाजारात मारामारी करतो, केळ्यांची गाडी उलटते, टपरी मोडते. त्या केळीवाल्याचं पुढे काय झालं? एकदा हे विचारून झालं की तो सिनेमा मुलाला पूर्वीसारखा बघता येत नाही. थोडा विरस होतो, होऊ द्या.

आणि मग वांगणीच्या स्टेशनावरचं सीसीटीव्ही चित्रीकरण दाखवा. १७ एप्रिल २०२१ ची गोष्ट. फलाटावरून एक अंध आई आपल्या लहान मुलासोबत चालली होती. मूल तोल जाऊन रुळांवर पडलं. आईला नुसतंच चाचपडता येत होतं आणि समोरून एक्स्प्रेस येत होती. मयूर शेळके हे रेल्वेतले पॉइंट्समन रुळांवरून गाडीच्या दिशेने धावत आले, मुलाला उचलून फलाटावर ठेवलं, स्वतः वर चढले आणि गाडी गेली. हे सगळं काही सेकंदांत. मुलं हा तुकडा पुन्हा पुन्हा बघतात. त्यांना वाटतं, असल्या माणसाला भीती वाटतच नाही. शेळके यांनी नंतर सांगितलं, की धावताना आपल्याही जिवाला धोका आहे हा विचार मनात आला होता. हे मी वर्गाला सांगते तेव्हा मागच्या बाकांवरची मुलंही मान वर करतात. रेल्वेने त्यांना पन्नास हजारांचं बक्षीस दिलं, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी त्या मुलासाठी देऊ केली. हा दुसरा भाग कॅमेऱ्यात नाही. मला तो पहिल्याइतकाच मोठा वाटतो, कारण इथे विचार करायला भरपूर वेळ होता.

इथे तुम्ही म्हणाल, मॅडम, असलं दाखवून मुलगा उद्या हर्सूलच्या तलावात उडी घेईल. काळजी रास्त आहे. दरवर्षी बुडणाऱ्या मित्राला वाचवायला गेलेला दुसरा मुलगाही बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. म्हणून शेळके यांची गोष्ट अर्धवट सांगू नका. रूळ हे त्यांचं रोजचं काम होतं. गाडी किती अंतरावर आहे, फलाट किती उंच आहे, हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. आणि त्या जोडीला हरिश्चंद्र मेहरांची गोष्ट सांगा. १९५७ च्या २ ऑक्टोबरला दिल्लीच्या रामलीला मैदानावर कार्यक्रम चालू असताना मांडवाला आग लागली. पंतप्रधान नेहरू तिथे होते. चौदा वर्षांच्या या स्काउटने खिशातल्या चाकूने मांडवाचं कापड फाडून लोकांना बाहेर पडायला वाट करून दिली. शूर मुलांना राष्ट्रीय पुरस्कार द्यायची प्रथा त्यावरून सुरू झाली. या मुलाजवळ चाकू होता आणि तो कुठे चालवायचा याची अक्कल होती. पोहता येत नसेल तर पाण्यात उतरायचं नाही. ओढणी, दोर, काठी, रिकामा कॅन, हाताला लागेल ते फेकायचं, आरडाओरडा करायचा, ११२ ला फोन लावायचा. हेही मध्ये पडणंच आहे आणि ते आधी शिकवून ठेवावं लागतं. आपण मुलांना शौर्यकथा देतो, दोराची गाठ शिकवत नाही.

आपल्या शहरात नायकांचा विषय काढणं तसं नाजूकच. शहराचं नावच एका वीर राजाचं, संभाजीराजांचं. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांच्यावरचा 'छावा' चित्रपट आला तेव्हा थोरली मुलं थिएटरातून डोळे लाल करून बाहेर पडत होती. त्यांचं ते भरून येणं खरं होतं, त्याची टिंगल करू नये. पण मुलांच्या मनात राहिला तो फक्त शेवट, छळ आणि मृत्यू. मी वर्गात विचारलं, संभाजीराजांनी राज्य किती वर्षं केलं? सांगता येईना. नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत मोगल, सिद्दी, पोर्तुगीज अशा आघाड्यांवर एकाच वेळी लढणं, त्यात राज्याचा कारभार, आणि तरुणपणी संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणं. शेवटच्या दिवसांतला तो कणखरपणा आला त्या सगळ्यातून. एवढं कळलं की मुलगा नुसता संतापून घरी येत नाही, काही तरी घेऊन येतो. ज्याच्या मनात फक्त खलनायकाचा राग उरला, त्याचा राग कुणीही भाड्याने घेऊ शकतं.

याच शहराची पायाभरणी करणारा माणूस मुलांना अजिबात ठाऊक नसतो. इथियोपियात जन्मलेलं एक पोर लहानपणीच गुलाम म्हणून विकलं गेलं, या हातातून त्या हातात जात दख्खनला आलं आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झालं. तो मलिक अंबर. १६१० मध्ये त्याने इथे खडकी वसवली. शहाजीराजे भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढले. बादशहा जहांगीरला तो शेवटपर्यंत आवरला नाही. मग जहांगीरने काय केलं? दरबारी चित्रकार अबुल हसनकडून त्याने चित्र काढून घेतलं: आपण पृथ्वीच्या गोलावर उभे आहोत आणि भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्याला बाण मारतो आहोत. चित्र काढलं तेव्हा अंबर जिवंत होता, पुढेही कितीतरी वर्षं जगला आणि १६२६ मध्ये म्हातारपणी गेला. आपण आज ज्याला रील म्हणतो ती चीज जुनीच आहे, असं म्हटलं की आठवीचा वर्ग खो खो हसतो आणि मुद्दा कायमचा त्यांच्या ध्यानात राहतो.

अंबरच्या लढायांपेक्षा मला त्याची नहर मुलांना दाखवावीशी वाटते. डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालून, खापरी नळांतून, मध्ये मध्ये उंच मनोरे उभारून त्याने शहरात खेळवलं. ज्या घरात आज नळाला पाणी कधी येणार यावर आठवड्याचं वेळापत्रक ठरतं, टँकरवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला असतो, तिथल्या मुलाला चारशे वर्षांपूर्वीच्या या कामाची किंमत सांगावी लागत नाही. एखाद्या रविवारी पाणचक्कीला गेलात तर नुसता फोटो काढून परतू नका. पाणी कुठून येतं, कुठे वर चढतं, कुठे पडतं, ते मुलाला शोधू द्या. नायक तलवारीवाचूनही असतो, हे तिथे बोलायचीही गरज नाही.

आणि एक अवघड उदाहरण सांगते, कारण ते टाळलं तर बाकी सगळं गोडगोड होईल. गोविंदभाई श्रॉफ हे हैदराबाद मुक्तिसंग्रामातलं मोठं नाव. निजामाविरुद्ध लढले, पुढे आयुष्य शिक्षणात घातलं. सरस्वती भुवन म्हटलं की आजही त्यांची आठवण निघते. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो त्यात त्यांचा वाटा आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळात झाला, तेव्हा याच गोविंदभाईंचा नामांतराला विरोध होता. त्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. निजामाच्या राज्यात जिथे शिक्षणाची वानवा होती तिथे १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय काढलं ते बाबासाहेबांनी. आणि त्यांचं नाव विद्यापीठाला लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. सोळा वर्षं लोकांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. त्यातल्या बहुतेकांची नावं कुठल्याच निबंधमालेत नाहीत.

मग गोविंदभाई नायक की नाही? हा प्रश्न मला एका मुलीने विचारला होता. माझं मत असं, की १९४८ पर्यंतचं त्यांचं ऋण मान्य करायचं आणि १९७८ मध्ये ते चुकले हेही म्हणायचं. दोन्ही एका दमात म्हणता आलं पाहिजे. माझ्याच वर्गात एका बाकावर ज्याचे पणजोबा मुक्तिसंग्रामात होते असा मुलगा आणि ज्याचे आजोबा नामांतराच्या मोर्चात होते असा मुलगा बसतात, डबाही वाटून खातात. एकाच्या देवघरातला माणूस दुसऱ्याच्या घरात सलतो. शाळेत यावर कुणी बोलत नाही, सगळे जपून असतात. घरी तुम्ही बोललात तर बरं, पण आपल्या माणसाची चूक आधी सांगून. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर सकाळपासून लोक येतात, गावागावांतून, लेकरं कडेवर घेऊन. कधी गेला नसाल तर मुलांना घेऊन जा. पुस्तकांचे स्टॉलही असतात, रिकाम्या हाताने परत यावं लागत नाही.

आता घरचं. काही वडील मला अभिमानाने सांगतात, "माझ्या पोराचा हिरो मीच." छान आहे, पण तेराव्या वर्षानंतर ते पद टिकत नाही आणि टिकवायचा अट्टहास करू नये. मुलाने तुम्हाला सिग्नलला थांबताना, दुकानदाराने चुकून दिलेले जास्तीचे पैसे परत करताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये वॉचमनच्या पगाराचा विषय एकट्याने काढताना बघितलं तर ते पुरेसं आहे. मीटिंगहून आल्यावर "उगाच वाईटपणा घेतला" असं म्हणालात तरी चालेल. वाईटपणा घ्यावा लागतो आणि तो घेऊनही माणूस रात्री नीट जेवतो, हे त्याला कळतं.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मोजावी लागणारी किंमत आपल्याला क्षुल्लक वाटते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढून टाकणं, क्रिकेटमध्ये शेवटपर्यंत बॅटिंग न देणं, चार दिवस अबोला. परीक्षेत शेजारच्याला कॉपी करू दिली नाही म्हणून 'मॅडमचा चमचा' हे नाव वर्षभर चिकटणं. त्या वयात हा वनवासच असतो. तो सोसून मूल घरी येतं आणि दप्तर टाकता टाकता, जेवणाच्या मध्येच, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखी सुरुवात करतं. त्या वेळी फोन बाजूला ठेवा. "तू कशाला मध्ये पडलास" हे तोंडाशी आलं असेल तर एक घोट पाणी प्या. आधी काय झालं ते सगळं ऐकून घ्या, मग त्याने काय केलं ते विचारा, आणि "बरं केलंस" एवढं म्हणा. त्यापुढचं भाषण नको. साने गुरुजी, सावित्रीबाई कुणालाही त्या क्षणी बोलावू नका.

शाळेत फोन करायचा का, हे मात्र त्यालाच विचारा. बहुतेक मुलं नको म्हणतात. मग नका करू. त्याचं त्याला निस्तरू द्या, रोज संध्याकाळी सहज चौकशी करत राहा. पण मारहाण असेल, कुणी पैसे मागत असेल, मोबाइलवरचे फोटो असतील किंवा मोठी माणसं गुंतलेली असतील, तर विचारत बसू नका, दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी सरळ येऊन भेटा. तिथे मध्ये पडणं हे आमचं आणि तुमचं काम आहे, त्या लेकराचं नाही.